पाटील : पद आणि आडनाव



महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत हजेरी घ्यायला उभे राहा, एखादा तरी पाटील 'हजर' म्हणतोच. कधी एकाच वर्गात चार पाटील निघतात, आणि त्या चौघांचं एकमेकांशी नातं नसतं. याचं कारण असं की, पाटील हे मुळात कुळाचं नाव नव्हेच. ते कामाचं नाव आहे.

जुन्या ताम्रपटांत 'पट्टकील' असा एक शब्द येतो. गावच्या प्रमुखाला तो लावीत. बोलता बोलता त्याचा पाटेल झाला, पाटील झाला. मुसलमानी अमलात याच अधिकाऱ्याला मोकदम म्हणू लागले. गावची लावणी वाढवायची, सरकारचा वसूल जमवायचा, तंटा उभा राहिला तर गोत बसवून तो तोडायचा, चोराचा माग काढायचा, ही सारी पाटलाची कामं. लिहिण्याचं काम कुलकर्ण्याचं. कागदाखाली कुलकर्ण्याची सही आणि पाटलाच्या नांगराची निशाणी, अशी रीत होती.

पोळ्याला पाटलाचा बैल पुढे, होळीला पाटलाची पोळी आधी, हे मान आपल्याला ठाऊक असतात. पण मानाच्या मागे जोखीम होती, ती आपण विसरतो. वसूल थकला की सरकारचा शिपाई पहिल्यानं पाटलाच्या दारात उभा राही. दुष्काळात गाव उठून गेलं, तर रयतेला समजावून, अभयाचा कौल देऊन परत आणायची, ती पाटलानंच. वतन वंशपरंपरा चाले, हे खरं. पण ते काही बिनशर्त नव्हतं.

याचा पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. खेड शिवापूरजवळच्या रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर यानं बदअमल, म्हणजे दुर्वर्तन केलं. शिवाजी महाराज तेव्हा सोळाव्या वर्षात होते. त्यांनी त्याला आणवून चौकशी केली. गुन्हा खरा ठरला. पाटीलकी काढून घेतली आणि हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. पुढे त्याच्याच गोतातल्या सोनजी बनाजी गुजर याला पाटीलकी दिली. हे पत्र २८ जानेवारी १६४६ चं आहे. ती शिक्षा आज आपल्याला कठोर वाटेल. पण तिच्यातला अर्थ स्वच्छ आहे. जो रयतेला जपत नाही, तो पाटील नव्हे, मग वतन बापजाद्यांचं का असेना!

आता हे पद आडनाव कसं झालं? पिढ्यान्‌पिढ्या लोक 'पाटील' म्हणून हाक मारीत राहिले, आणि मूळचं आडनाव मागं पडलं. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचं मूळ आडनाव पिसाळ. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावात मात्र कूळ आणि पद दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुळातले. तेव्हा पाटील म्हटलं की अमुकच जात, हा हिशेबही चुकतो.

आणि या शब्दाचा गोडवा पाहा. महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या पातशाहीचा कारभार हातात घेतला, पण त्यांना 'पाटील' म्हणवून घेणंच आवडे. लोक त्यांना पाटीलबाबा म्हणत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळच्या वानवडीस त्यांचा अंत झाला. तिथली शिंद्यांची छत्री आज पुणे शहरातच आली आहे. सवड काढून मुलांना अवश्य दाखवा.

स्वराज्य आल्यावर मात्र वंशानं चालणाऱ्या अधिकाराला जागा उरली नाही. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलांचं वतन गेलं. त्याच साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाचा कारभार मतांवर निवडलेल्या पंचायतीकडे आला. १९६७ च्या कायद्याखालचा पोलीस पाटील आजही आहे, पण तो नेमणुकीनं येतो, जन्मानं नाही. आज स्त्रियाही पोलीस पाटील होतात.

म्हणजे पद गेलं, नाव राहिलं. इथंच शिक्षकांची गरज आहे. नुसत्या आडनावामुळे एखादं पोर वर्गात पुढे बसतं, आणि एखादं बलुतेदाराच्या घरचं पोर आपोआप मागं सरकतं. हे चित्र कुठं दिसलं, तर ते गुरुजींनीच मोडायला हवं. मुलांना सांगा, घरी जाऊन आजोबा-आजीला विचारा : आपलं आडनाव कुठून आलं? कुणी चौगुले निघेल, कुणी देशमुख, कुणी सुतार, कुणी कुंभार. चौगुला हा पाटलाचा मदतनीस, देशमुख परगण्याचा प्रमुख. सुताराचा नांगर नसता तर पाटलानं निशाणी कशाची केली असती, हेही त्यांना विचारा!

घरात जुने मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. त्यांत आपल्या गावाचा इतिहास असतो.

आणि ज्यांचं आडनाव पाटील आहे, त्यांना एवढंच सांगणं : आपल्या वाडवडिलांना हे नाव गावाचं काम केल्याबद्दल मिळालं. गावात विहीर आटली, शाळेची भिंत पडली, दोन भाऊ बांधावरून भांडले, तर तिथं जो आधी धावतो, तो खरा पाटील. त्याचं आडनाव मग काहीही असो.