मोबाईलच्या मदतीने चालण्याची सवय

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत असा संस्थेचा आग्रह झाला. आम्ही डॉक्टर नव्हेत. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून आहोत. परंतु आजचा विषय दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचाच आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहोत. प्रौढ माणसांनी अधिक चालावे, अधिक हालचाल करावी यासाठी अलीकडे इंटरनेटवरून आणि मोबाईलवरून निरनिराळे उपक्रम चालविले जातात. ते आपल्या वस्तीतल्या माणसाच्या कितपत कामाचे आहेत, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम आपण आपल्या घराकडे पाहू. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. त्या सव्वाशे वर्षांत आपल्या कित्येक घरांची चूल मिलच्या पगारावर पेटली. आठ तास उभ्याने पाळी करायची आणि पायी किंवा सायकलने घरी यायचे, असा तो दिनक्रम होता. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि पुढची पिढी शिकली. ती शाळेत, टपाल खात्यात, रेल्वेत, बँकेत रुजू झाली. ही आपली मोठी कमाई आहे. मात्र त्याबरोबर अंगमेहनत सुटली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. आजोबांना व्यायामाची गरजच नव्हती, म्हणून घरात व्यायामाची रीतही पडली नाही. आज पंचेचाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या खिशात शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटे दिसतात. मोठ्या कष्टाने मिळविलेला पगार दवाखान्यात जावा आणि घरचा कर्ता माणूस ऐन वयात अंथरुणाला खिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

एक खुलासा येथेच करतो. ज्या भगिनी आजही बांधकामावर घमेली उचलतात किंवा चार घरची धुणीभांडी करतात, त्यांना 'चाला' असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्या शरीराला विश्रांतीची गरज आहे. आमचे बोलणे बसून काम करणाऱ्यांसाठी आहे.

आता थोडे आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. भरभर चालणे त्यात येते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ एवढीही हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आढळले. त्याआधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली आले होते. त्या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश होता. आपल्या राज्यातील दहापैकी नऊ माणसे फावल्या वेळात खेळ वा व्यायाम असे काहीच करीत नाहीत, असे त्यात दिसले.

इंटरनेटवरील उपक्रमांची पद्धत साधी असते. माणूस आपले नाव नोंदवितो आणि रोजचे एक लक्ष्य ठरवितो. पावले मोजली जातात, आठवड्याचा हिशेब समोर येतो, ढिलाई झाली तर आठवणीचा संदेश येतो. पुष्कळदा पाच-सात जणांचा गट करून गटागटांत स्पर्धा लावतात.

याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईहून चालविलेल्या 'स्टेपॅथलॉन' या उपक्रमात २०१२ ते २०१४ या काळात ४८१ कंपन्या व संस्थांमधील ६९,२१९ कर्मचाऱ्यांनी भाग घेतला. पाच जणांचा एक संघ, कमरेला पावले मोजणारे छोटे यंत्र, संकेतस्थळावर रोजची नोंद आणि शंभर दिवसांची मुदत, अशी योजना होती. तिचा अभ्यास २०१६ साली अमेरिकेतील हृदयरोगविषयक नियतकालिकात आला. सरासरी रोजची पावले सुमारे ३,५०० ने वाढली, बसण्याचा वेळ पाऊण तासाने घटला आणि वजन सुमारे दीड किलो उतरले. एक उणीव मात्र लक्षात ठेवावी. भाग न घेणाऱ्यांशी येथे तुलना केलेली नव्हती, आणि माहिती लोकांनी स्वतःच भरलेली होती. तरीही कार्यालयात बसणारा माणूस चार सोबत्यांच्या संगतीने हलू शकतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

सरकारनेही हा मार्ग धरला. 'फिट इंडिया' मोहीम २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाली. करोनाच्या काळात, २०२० साली, 'फ्रीडम रन' झाली. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या जागी धावावे वा चालावे, अंतर संकेतस्थळावर नोंदवावे आणि प्रमाणपत्र घ्यावे, अशी ती योजना होती. २९ ऑगस्ट २०२१ रोजी 'फिट इंडिया'चे मोफत अॅपही आले.

महागडा फोनच हवा असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना साध्या मोबाईलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश नियमित पाठविले. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला. इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. संदेश आहाराचेही होते, म्हणून सारे श्रेय चालण्याला देता येणार नाही. पण वेळेवर आलेली आठवण कामाला येते, हे खरे.

मित्रहो, या साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा उत्साहाची. सुरुवातीचे काही आठवडे माणूस दर तासाला पावले पाहतो, पुढे अॅप फोनमध्ये पडून राहते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अॅप हे पासबुक आहे. पासबुक रोज उघडून पाहिल्याने शिल्लक वाढत नाही, भरणा करावा लागतो. दुसरी मर्यादा दहा हजार पावलांच्या धाकाची. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०२२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढील माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत बहुतेक लाभ मिळतो असे दिसले. तीन हजार पावले चालणाऱ्याने साडेतीन हजार केली, तरी ती कमाईच आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलेले होते, स्त्रियांपैकी केवळ ३३ टक्क्यांनी. आजचे आकडे वाढलेले असणार. पण हालचाल कमी पडते स्त्रियांना आणि फोन असतो पुरुषाच्या हाती, हा पेच अनेक घरांत आहे. तो अॅप सोडवू शकत नाही, आपली संस्था सोडवू शकते.

म्हणून आमची एक सूचना आहे. वीस सभासदांचा एक गट करावा. प्रत्येकाने रोज नेहमीपेक्षा दोन किलोमीटर अधिक चालावे. याला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. वीस जणांचे मिळून रोज चाळीस किलोमीटर होतात. नागपूर ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. म्हणजे एकवीस दिवसांत आपला गट दीक्षाभूमीहून निघून चैत्यभूमीच्या शहरी पोहोचेल. हिशेब एखाद्या विद्यार्थ्याने मोबाईलवर ठेवावा आणि रोज वाचनालयाच्या फलकावर खडूने लिहावा. ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांनी मिनिटे सांगावीत. प्रत्येक गटात निम्म्या भगिनी असाव्यात आणि त्या चालायला निघतील तेवढा वेळ घरच्या पुरुषाने चहा-पोळीचे पाहावे. याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

आपल्या शहराचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्यापूर्वीच चालून घ्यावे. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स हे भाग दूर पडत असतील तर वस्तीचे मैदानही पुरे. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असेल, किंवा हृदयविकाराचे वा मधुमेहाचे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बँकेतला माणूस म्हणून एक सावधगिरी सांगतो. पावले मोजण्यासाठी कोणालाही आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. जो मागेल तो आरोग्यासाठी मागत नाही, असे समजावे. 'चाला आणि पैसे कमवा' अशा अनोळखी जाहिरातींच्या वाटेस जाऊ नये.

चालणे आपल्या परंपरेला नवे नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरच्या प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि मिळविलेली एकाग्रता टिकते. फोन तेव्हा नव्हता. पण भिक्खू संघ होता, सोबत होती. आजही फोन केवळ मोजेल. हाक मारणारा शेजारी आणि वाट पाहणारा गट आपणच उभा केला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांना विनंती एवढीच की आपल्या आईवडिलांच्या फोनमध्ये अॅप टाकून मोकळे होऊ नका. पहिले एकवीस दिवस त्यांच्याबरोबर चाला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी पहिल्या गटाची यादी आजच येथे करावी. त्यात आमचे व आमच्या सौभाग्यवतींचे नाव प्रथम लिहावे.