पहिले पैसे कुणी घेतले?

(सोलापूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'मुलींची खरेदी-विक्री आणि वेश्याव्यवसाय'. या विषयावर कुठंही बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, या बायका तिथं आपणहून जातात, की त्यांना कुणी नेतं?" विचारणारी बाई वाईट नसते. पण तिच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. हिची कीव करायची, की हिला नावं ठेवायची? फसवून आणलेली असेल तर 'बिचारी', आणि आपणहून आली असेल तर 'तसली'. या प्रश्नाला उत्तर देणं मी आता सोडून दिलं आहे. मी उलट विचारते, ती तिथं पोचली तेव्हा पहिले पैसे कुणाच्या हातात पडले? बहुतेक वेळा ते तिच्या हातात पडलेले नसतात. मग कुणाच्या? आज मी एवढ्याच प्रश्नाच्या मागं जाणार आहे.

सिनेमात मुलगी पळवून नेतात. गाडी येते, तोंडावर रुमाल दाबतात. तसंही घडतं, नाही असं नाही. पण आपल्या जिल्ह्यात मुलगी बहुधा पळवावी लागत नाही. ती दिली जाते. घरातलं कुणीतरी देतं, आणि देताना त्याला विक्री म्हणत नाहीत. रीत म्हणतात, नवस म्हणतात, उचल म्हणतात, काम लावून दिलं म्हणतात.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा हे आपले तालुके कर्नाटकाला लागून. तिकडं सौंदत्तीची यल्लम्मा. पोरीच्या केसात जट आली, घरात दुखणं आलं, मुलगा होत नाही, की पोर देवीला सोडायची. गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले की तिचं लग्न देवीशी लागलं. या प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली झाला, महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा २००५ चा. त्यामुळं वाजतगाजत होणारा सोहळा बंद पडला, हे खरं. आता मणी घरातच बांधतात, नाहीतर आडबाजूच्या देवळात, चार माणसांत. पण त्यातली घडी बघा. देवीला सोडलेल्या मुलीचं लग्न होत नाही, म्हणजे तिच्यावर सासरचा हक्क नाही. ती माहेरचीच राहते, आणि जन्मभर माहेर पोसते. जिथं मुलगा नाही तिथं तीच मुलगा होते. देवीचं नाव पुढं, आणि मागं घरखर्चाचा हिशेब. तिला मुंबई-पुण्याच्या, सांगली-मिरजेच्या वस्तीत कोण नेऊन घालतं? आधी तिथं गेलेली आत्या, मावशी, नाहीतर गावातलाच कुणी. आणि या मुली कुठल्या घरातल्या असतात ते आपल्याला माहीत आहे. फार करून दलित जातींतल्या. पाटलाच्या पोरीच्या केसात जट आली तर तिला डॉक्टरकडं नेतात.

१९३६ च्या जूनमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणींच्या सभेपुढं भाषण केलं. हा धंदा सोडा, गरिबीत राहावं लागलं तरी मानानं राहा, असं त्यांचं सांगणं होतं. शब्द कडक होते. आज कुणाला ते लागतीलही. पण त्यांनी ते त्या बायकांच्या पाठीमागं कुजबुजत नाही, त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. आपल्यातल्या पुष्कळांना आजही तेवढं जमत नाही.

दुसरी रीत आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. नाचणाऱ्या शांताबाईचा हा मुलगा पुढं मुंबईत डॉक्टर झाला, आणि त्यानं आईचं नाव आपल्या नावात लावलं. कोल्हाटी समाजातली जी मुलगी पार्टीत नाचते तिच्या कमाईवर आजा, भाऊ, भावांची बायका-पोरं जगतात. तिनं लग्न केलं तर घराची चूल विझते, म्हणून लग्न नाही. 'चिरा' उतरवायचा, म्हणजे पहिला पैसेवाला पुरुष ठरवायचा. तो ठरवतो कोण, रक्कम मोजून घेतो कोण? बाप किंवा भाऊ. मोडनिंबच्या कला केंद्रांचं नाव काढलं की आपल्याकडच्या पांढरपेशा बायका नाक मुरडतात, त्यांना मला सांगायचं आहे की लावणी ही कला आहे, आणि नाचणारी प्रत्येक बाई धंदा करते असं समजणं हा आपला जुना उर्मटपणा आहे. माझा मुद्दा नाचाचा नाही, तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या नावानं घेतल्या जाणाऱ्या उचलीचा आहे. उचल बाप घेतो, फेडते ती.

तिसऱ्या तऱ्हेला रीतीचंही पांघरूण नाही. सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या. मागं उरल्या विड्या आणि यंत्रमाग. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला नवऱ्याचं आजारपण किंवा एखादं कर्ज आलं की पोरगी "पुण्याला घरकामाला" जाते. २०२० च्या टाळेबंदीत विडीचं काम थांबलं, जत्रा थांबल्या, पार्ट्या थांबल्या. हातउसनं मात्र थांबलं नाही, आणि ते फेडायला कुठल्या घरातून कोण कुठं गेलं हे तुमच्या गल्लीत तुम्हालाच जास्त माहीत आहे. नेणारी बहुधा ओळखीची बाई असते. चांगली साडी, हातात मोबाईल, बोलायला गोड. कधी लग्नच लावून देतात. नवरा लांबचा, हुंडा नको म्हणतो, वर लग्नाचा खर्च करतो. हुंडा नको म्हणणाऱ्या जावयाचं आपण कौतुक करतो, पण तो वर पैसे देत असेल तर चार दिवस थांबून चौकशी करावी.

आता मुलगी वस्तीत पोचल्यावर काय होतं ते सांगते, कारण खरेदी-विक्री आणि धंदा यांची गाठ इथं बसते. घरवालीनं तिच्यासाठी मोजलेली रक्कम तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहिली जाते. स्वतःची किंमत तिनं स्वतः फेडायची. त्यावर व्याज. जेवण, कपडे, डॉक्टर, पोलिसाचा हप्ता, सगळं त्याच वहीत. वही तिला वाचता येत नाही. पहिली वर्षं तिच्या हातात पैसा येतच नाही. तोवर ती पळण्याचा प्रयत्न करते, मार खाते, एकदा गावी फोन करते आणि पलीकडून आवाज ऐकते : "आता इकडं येऊ नको, धाकटीचं लग्न व्हायचंय." केव्हातरी कर्ज फिटल्याचं तिला सांगतात. तिला निम्मा वाटा मिळू लागतो. तोपर्यंत तिला एखादं मूल झालेलं असतं, त्याची शाळा असते, गावाकडं दर महिन्याला पैसे जात असतात. मग आपण तिथं सर्वेक्षणाचा कागद घेऊन जातो आणि विचारतो, "तुम्ही स्वखुशीनं करता का?" ती म्हणते, "हो." खोटं नाही बोलत ती. पण सोळाव्या वर्षी तिला विकलं होतं हेही खोटं नाही. विक्रीला एक तारीख असते, धंद्याला वर्षं असतात. त्या तारखेला कुणी येत नाही. येतात ते वर्षांनंतर, जीप घेऊन.

धाडीचं एक उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत कामाठीपुऱ्यात धाडी पडल्या. चारशेहून जास्त मुली आणि बायका बाहेर काढल्या, त्यात निम्म्याच्या आसपास नेपाळच्या. काढल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठं? सुधारगृहं तुडुंब भरली. नेपाळ सरकारनं सुरुवातीला हात आखडता घेतला. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढं होऊन जुलैमध्ये शंभरावर मुली परत नेल्या. धाडीची तयारी होती, सकाळची नव्हती.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, आपण ज्याला 'पिटा' म्हणतो, तो १९८६ साली दुरुस्त झाला. वेश्याव्यवसाय करणं हाच गुन्हा, असं त्यात कुठंही नाही. कुंटणखाना चालवणं, मुलगी मिळवून आणणं, तिला डांबणं, तिच्या कमाईवर जगणं हे गुन्हे. पण कलम ८ वाचा. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावलं म्हणून बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच गुन्ह्यात पुरुष असेल तर जास्तीत जास्त तीन महिने! आणि कलम ४ प्रमाणं कमाईवर जगणारा म्हणजे अठरा वर्षांवरचा कुणीही. म्हणजे आईनं पोटाला चिमटा घेऊन कॉलेजात घातलेला पोरगा त्यात येऊ शकतो, आणि जिनं तिला विकत घेतलं ती घरवाली जामिनावर सुटून दारात बसलेली असते. २०१३ साली भारतीय दंडविधानाच्या कलम ३७० मध्ये माणसांच्या व्यापाराची स्पष्ट व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. त्यात विकल्या गेलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही. फसवून, धाकानं, किंवा तिच्यावर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन नेणं, सगळं त्यात बसतं. म्हणजे पहिले पैसे कुणी घेतले हा माझा प्रश्न कायद्याच्याही पोटात आहे. फक्त तो विचारला जात नाही.

का विचारला जात नाही, ते एका मुलीवरून सांगते. तपशील बदलून सांगते. सीमेवरच्या गावातली, सोळा वर्षांची. धाडीत सुटली. फिर्यादीत लिहिलं होतं, 'एका अनोळखी महिलेने कामाचे आमिष दाखवून'. आठ दिवसांनी मामा तिला न्यायला आला. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळे कागद नीट. आम्ही घरची चौकशी व्हावी म्हणून अर्ज दिला. चौकशीला गेलेल्या बाईंना मामाच्या घरावर कोरे पत्रे दिसले. पोर गेली त्याच महिन्यात घातलेले. गावात सगळ्यांना माहीत होतं. मुलीला मामाच्या ताब्यात दिलं नाही, अठरा पुरी होईपर्यंत ती बालगृहात राहिली. पण मामाचं नाव तिनं जबाबात कधीच घेतलं नाही. मला म्हणाली, "नाव घेतलं तर आईला घरातनं काढतील, ती कुठं जाईल?" तिची आई परित्यक्ता, भावाच्या घरात राहणारी. मामावर आजतागायत गुन्हा नाही. मुलीचा जबाब घेताना तिच्या आईच्या डोक्यावर छप्पर कुणाचं आहे, हे विचारात घेतल्याशिवाय खरं नाव बाहेर येणार नाही.

आपल्या चळवळीत यावर दोन तट आहेत आणि त्यांची भांडणं मी जवळून पाहिली आहेत. एक बाजू म्हणते, वेश्याव्यवसाय म्हणजेच बाईवरची हिंसा, तो संपलाच पाहिजे. दुसरी म्हणते, हे काम आहे, त्या कामगार आहेत, त्यांना हक्क द्या. सांगलीत 'संग्राम'च्या कामातून १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्या बायकांनी स्वतः बोलायला सुरुवात केल्यापासून तर आपल्याला त्यांच्या वतीनं बोलणं सोपं राहिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. माझं मत विचाराल तर मी दोघींशी थोडं थोडं भांडते. पहिलीला मी सांगते, सज्ञान बाईला कोंडून तिची मुक्ती होत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायला सांगितलं. त्यांच्या समाजात मुलींना धंद्याला लावायची रीत आहे, म्हणून त्यांना आईबापांकडं न देता खालच्या कोर्टानं डांबलं होतं. रीत घरच्यांची, कैद पोरींना! सर्वोच्च न्यायालयानंही १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलं की धाडीत सज्ञान बायकांना अटक, दंड, छळ करू नये, आणि आई या व्यवसायात आहे एवढ्यावरून मूल तिच्यापासून तोडू नये. दुसरीला मी विचारते, काम म्हणता ना, मग या कामाची भरती एवढी ठरावीक जातींतून, ठरावीक गावांतून आणि एवढ्या लहान वयात का होते? अठराच्या आतल्या मुलीबाबत 'काम' हा शब्द मी ऐकून घेणार नाही. वस्तीतल्या जुन्या बायकाही घेत नाहीत. नवी लहान पोर आली की ती सगळ्यात आधी त्यांना कळते. आपण त्यांच्याशी आरोपीसारखं वागलो नाही तर आपल्यालाही कळेल.

आता कामाचं. वस्तीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, तिथल्या मुलींना शाळेत पत्ता सांगताना आधीच पुरेसं सोसावं लागतं. पण धाड पडली की तुम्हाला काय मागता येतं ते लक्षात ठेवा. झडतीच्या वेळी परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी हवेत, त्यांपैकी एक तरी बाई. चौकशी बाई पोलीस अधिकाऱ्यानं करायची. मुलगी अठराच्या आतली असेल तर ती बालकल्याण समितीपुढं गेली पाहिजे. कलम १७ प्रमाणं मॅजिस्ट्रेटला मदतीसाठी पाच जणांचं मंडळ बोलावता येतं, त्यात शक्यतो तीन बाया. आणि कलम १७-अ : बाप, पालक किंवा नवरा न्यायला आला तर मुलगी ताब्यात देण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून चौकशी करून घेता येते. 'घेता येते' असं आहे, 'घ्यावीच' असं नाही. म्हणून मागणारं कुणीतरी त्या दिवशी कोर्टात हजर लागतं, आणि ते बहुधा नसतं, कारण आपल्याला धाडीची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळते.

मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं ठेवायला आपण अशा मंडळासाठी नावांची यादी करतो आहोत. अक्कलकोट, मंगळवेढा आणि करमाळ्यातून अजून एकही नाव आलेलं नाही. कन्नड बोलणाऱ्या दोघी तरी हव्यात, कारण सीमेवरच्या पोरी जबाब देताना मराठीत अडखळतात आणि लिहिणारा आपल्या मनाचं लिहितो. जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी वही घेऊन बसणार आहे.