फोड नेमका कुठे फुटतो?

जर्मनीतल्या बोखुम शहरात, जून 2015मध्ये, भाजलेल्यांच्या अतिदक्षता विभागात सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. भाजलेला मात्र तो नव्हता. सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या या पोराच्या अंगावर जन्मापासूनच फोड यायचे. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि वरची निम्म्याहून अधिक त्वचा सोलून निघाली.

आजार एपिडर्मोलिसिस बुलोसा. शर्टाची शिवण घासली तरी फोड येतो. पण एवढं नाव कळून भागत नाही. त्वचेचे थर कुठे सुटतात, हा खरा प्रश्न. त्यासाठी कातडीचा लहानसा तुकडा काढून त्यातलं कोणतं प्रथिन गायब आहे ते पाहतात, मग जनुकतपासणी करतात. या मुलात वरची त्वचा खालच्या थराला धरून ठेवणारं लॅमिनिन-332 बनत नव्हतं. एलएएमबी-3 हे जनुक बिघडलं होतं. या प्रकारात आई-वडील सहसा ठणठणीत असतात. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असली, की प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्नं होतात, त्या घरांनी हे ध्यानात घ्यावं.

वडिलांची कातडी लावून पाहिली. शरीराने ती टाकून दिली. डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती. मग इटलीतल्या मोदेनाचे संशोधक मिकेले दे लुका यांना गाठलं. मुलाच्या जांघेत फोड नसलेली जागा सापडली. तिथली अवघी 4 चौरस सेंटिमीटर कातडी घेऊन, विषाणूच्या हातून पेशींत निरोगी जनुक पोचवलं आणि पेशींचे पातळ पापुद्रे वाढवले. ऑक्टोबर 2015 ते जानेवारी 2016 या काळात तीन शस्त्रक्रियांत ते बसवले. सुमारे 80 टक्के अंग झाकलं गेलं. फेब्रुवारीत पोरगं घरी गेलं!

सगळ्यांना हा उपाय चालत नाही. तोंडात, अन्ननलिकेत येणारे फोड अशा पापुद्र्यांनी जात नाहीत. बिघाड कोलॅजन-7 या दुसऱ्या प्रथिनात असेल तर एलएएमबी-3चा उपयोग शून्य. त्या प्रकारासाठी जखमेवर लावायचं जनुकयुक्त जेल अमेरिकेत 2023मध्ये मंजूर झालं. बाकीच्या घरांत रोजचं काम तेच: निर्जंतुक सुईने फोडातलं पाणी काढायचं, वरची साल तशीच ठेवायची, आणि न चिकटणारी पट्टी बांधायची.