वैद्यकीय विद्यार्थी आणि धूम्रपान : ज्ञान व सवय यांतील दरी



भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याभोवती नगर वसले, रुग्णालय उभे राहिले आणि पुढे या परिसरात वैद्यकीय महाविद्यालयेही आली. येथील भावी डॉक्टर ज्या समाजात काम करणार आहेत, तेथे तंबाखूचा विळखा घट्ट आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार छत्तीसगडमध्ये तंबाखूसेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ५३.२ टक्के, तर २०१६-१७ मध्ये ३९.१ टक्के होते. त्या वर्षी देशाची सरासरी २८.६ टक्के होती. राज्यात धूरविरहित तंबाखूचा वाटा मोठा आहे. दुसरीकडे, विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता हा असंख्य आदिवासी कुटुंबांच्या हंगामी उत्पन्नाचा आधार आहे.

अशा ठिकाणी डॉक्टरचा सल्ला मोलाचा ठरतो. मात्र स्वतः धूम्रपान करणारा डॉक्टर तो सल्ला ठामपणे देऊ शकत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धडा गिरवणारा विद्यार्थीच सिगारेट का पेटवतो? अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे उत्तर असे की, मिळणारे समाधान आजचे असते आणि चुकवावी लागणारी किंमत वीस-तीस वर्षांनंतरची. रात्रपाळी, परीक्षेचा ताण व वसतिगृहातील संगत यांत दूरची किंमत आणखी लहान भासते. सुटी सिगारेट मिळाली की पूर्ण पाकिटाचा खर्च टळतो आणि पाकिटावरील सचित्र इशाराही नजरेआड राहतो. निकोटिनचे व्यसन जडल्यावर निवड मुक्त उरत नाही.

ज्ञानाचे कृतीत रूपांतर होऊ शकते, हे ब्रिटनमध्ये दिसले. डॉल व हिल यांनी १९५१ मध्ये तेथील डॉक्टरांच्याच सवयींचा अभ्यास सुरू केला. पन्नास वर्षांच्या पाहणीनंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटते. तिसाव्या वर्षी सवय सोडल्यास ही हानी जवळजवळ पूर्ण टळते. साठाव्या वर्षी सोडल्यासही सुमारे ३ वर्षे वाचतात. दरम्यान अनेक डॉक्टरांनी सिगारेट सोडली होती.

भारतात २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम लागू झाले. तरीही २०१७-१८ मध्ये तंबाखूजन्य आजार व अकालमृत्यूंचा आर्थिक भार सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याहून अधिक होता. त्यापुढे तंबाखूवरील कराचे उत्पन्न तोकडे पडते.

म्हणून करवाढ व कायद्याची अंमलबजावणी यांच्या जोडीला तीन उपाय आवश्यक आहेत : व्यसनमुक्ती समुपदेशनाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, महाविद्यालयातच गोपनीय साहाय्य आणि तंबाखूमुक्त वसतिगृहे. तेंदूपत्ता संकलकांसाठी पर्यायी रोजगाराचा विचारही त्याबरोबरच व्हायला हवा. सिगारेट सोडणारा एक विद्यार्थी उद्या हजारो रुग्णांना तोच मार्ग विश्वासाने दाखवू शकेल. सार्वजनिक आरोग्यात याहून स्वस्त गुंतवणूक क्वचितच सापडेल.