कौतुकातला अपवाद



तुमच्यातले बरेच जण पुढच्या शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाल. तिथे कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणेल, "अगं, तू मराठवाड्याची वाटत नाहीस!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या एका वाक्यात तुमची स्तुती होते आणि तुमच्या आईवडिलांना, गावाला, शाळेला नावं ठेवली जातात. माणसाच्या वंशाबद्दल, जातीबद्दल, बाईपणाबद्दल जे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, त्यांना बळ शिव्यांनी मिळतं तसं अशा कौतुकानंही मिळतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपलं शहर ज्यानं वसवलं त्याचंच बघा. मलिक अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि या हातातून त्या हातात जात बगदादमार्गे दख्खनेत पोचला. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला. १६१०मध्ये त्यानं खडकीला राजधानी केली, तेच हे आपलं गाव. भडकल दरवाजा त्यानंच बांधला. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जहांगीर बादशहाला तो इतका सलत होता, की त्यानं अबुल हसन या आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, धनुष्य ताणलेलं आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं मस्तक आहे. प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधीच लागला नाही. १६२६मध्ये, ऐंशीच्या घरात असताना तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

जहांगीरनं त्याच्या काळ्या रंगावरून त्याला दूषणं दिली, यात नवल नाही, शत्रूच तो. मला जास्त विचार करायला लावतो तो मुतमद खान. याच दरबारातला हा इतिहासकार. अंबर गेल्यावर त्यानं त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची अगदी मोकळ्या मनानं तारीफ केली. मात्र पुढे हेही लिहिलं, की हबशी गुलाम एवढ्या मोठेपणाला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही.

उदाहरणं तर समोरच होती! अंबरला दख्खनेत ज्यानं विकत घेतलं, तो निजामशाहीचा पेशवा चंगेज खान स्वतः हबशी होता, एकेकाळचा गुलामच. विजापूरच्या दरबारात इखलास खान हा हबशी सरदार मोठ्या अधिकारावर होता. पण एकाला अपवाद म्हटलं, की बाकीच्यांबद्दलचं मत बदलण्याची गरज उरत नाही.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे मला अंबर आठवतो तो नहरीमुळे. डोंगरपायथ्याचं जमिनीखालचं पाणी खापराच्या नळांतून गावात आणायचं, तेही केवळ उताराच्या जोरावर, हे सोपं काम नाही. उतार जास्त झाला तर नळ फुटतात, कमी पडला तर गाळ बसतो. नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहत बसणाऱ्या आपल्या शहराला या माणसाच्या बुद्धीची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि त्याच आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांना आपल्या देशानं काय दिलं? कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारे, घरात कोकणी बोलणारे सिद्दी कितीतरी पिढ्यांपासून इथलेच आहेत. १९८७मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना निवडून खेळाडू म्हणून घडवायला घेतलं. मूळ आफ्रिकेतलं, म्हणजे पायात वेग असणारच, असा त्यामागे हिशेब. काहींनी पदकंही आणली. काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि ती मुलं परत गावी गेली. त्यांच्यातून स्थापत्य अभियंते घडवावेत असं कुणालाच सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजांनीही असंच केलं. कोरेगावच्या स्तंभावर ज्या लष्करानं महार सैनिकांची नावं कोरली, त्याच लष्करानं १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली, कारण त्यांच्या नव्या सिद्धांतानुसार ही 'लढाऊ जात' नव्हती. पुराव्याचा दगड डोळ्यांसमोर उभा होता! महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. ज्यांचे वडील त्याच लष्करात सुभेदार होते, त्या बाबासाहेबांनी १९५०मध्ये आपल्या या शहरात महाविद्यालय काढलं.

आता बायकांचं. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात एक सहकारी म्हणाले, "मॅडमनी कधी बाई असल्याचं जाणवू दिलं नाही, पुरुषासारखं काम केलं." सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पण मी केलेलं काम बाईनंच केलेलं होतं. पावसाळ्यात जलवाहिनी फुटली की रात्री खड्ड्याच्या काठावर उभी राहणारी बाईच होती.

लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक आचारी करतो. घरचा स्वयंपाक बाईचा आणि मांडवातला पुरुषाचा, ही वाटणी कशी झाली कोण जाणे. पण "पुरुष असूनही वरण छान जमलं हो" असं पंगतीत कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला त्याच्या हाताच्या चवीची दाद मिळते. तेवढीच दाद यंत्र चालवणाऱ्या मुलीला, विद्यापीठात शिकायला आलेल्या सुदानच्या मुलाला आणि पालावरून शाळेत येणाऱ्या पारध्याच्या पोराला मिळायला काय हरकत आहे?

आता बक्षीस वितरण आहे, मी लांबवत नाही. विज्ञान प्रदर्शनात नहरीची प्रतिकृती ठेवली आहे, ती करणाऱ्या चौघींनी कार्यक्रम संपल्यावर जरा थांबा. तुम्ही उतार कशावरून धरला, ते मला समजून घ्यायचं आहे. आणि तिसऱ्या वळणावर पाणी गळतंय, तो सांधाही आपण मिळून बघू.