आईबाबा युरोपला निघताना



डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीत विचारा, कुणाचा मुलगा म्युनिकला असतो, कुणाची मुलगी आइंडहोव्हनला. घर लागतं, संसार मांडला जातो आणि आईबाबांना बोलावणं येतं. कधी उन्हाळ्यातल्या सहलीचं, कधी बाळंतपणाचं. आज मी बोलणार आहे ते या आईबाबांच्या व्हिसाविषयी. म्हणजे निवृत्त झालेले, पेन्शनवर किंवा ठेवींच्या व्याजावर राहणारे आणि बहुधा पहिल्यांदाच परदेशी निघालेले.

आधी व्हिसा कुणाचा, ते पाहू. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावी १४ जून १९८५ रोजी एक करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर या सगळ्या देशांत फिरता येतं. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. आणि लंडन बघायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. मुलगी नेदरलँड्समध्ये आणि अर्ज दुसऱ्याच देशाकडे, का, तर तिथली अपॉइंटमेंट लवकर मिळत होती. असं करू नका. तिकिटं आणि मुक्कामाचे दिवस समोर आले की ते लगेच उघड होतं.

आता मुद्द्याचं बोलतो. मुंबईतल्या व्हिसा केंद्रात तुम्ही जाता, तिथे कागद घेतले जातात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो वकिलातीतला अधिकारी घेतो आणि त्याची तुमची बहुतेक वेळा भेटही होत नाही. त्याच्यापुढे असते ती फक्त तुमची फाईल. तिच्यातून त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : तुम्ही कशाला चाललात, खर्च कोण करणार आणि तुम्ही परत का येणार. प्रत्येक कागद या तिन्हींपैकी एकाचं तरी उत्तर देणारा असावा आणि एका कागदानं दुसऱ्याला खोटं पाडू नये.

कशाला चाललात, हे खरं सांगा. मुलाकडे राहणार असाल तर कुटुंबीयांना भेटायला असंच लिहा. पर्यटन लिहून हॉटेलची खोटी बुकिंग जोडायची काहीएक गरज नाही. मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या रहिवासी परवान्याची प्रत, घराचा भाडेकरार हे लागतं. काही देशांत यजमानाला स्थानिक कार्यालयातून अधिकृत कागद आणावा लागतो. जर्मनीत मुलगा खर्च उचलणार असेल, तर तो परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करून देतो. फ्रान्समध्ये तुम्ही त्याच्या घरी उतरणार असाल, तर नगरपालिकेकडून स्वागतपत्र घ्यावं लागतं. या कामांना वेळ लागतो, म्हणून मुलाला आधीच कामाला लावा.

खर्चाचं म्हणाल, तर मुलानं हमी दिली तरी तुमच्या खात्याचं चित्र स्वच्छ हवं. पासबुकाच्या झेरॉक्सवर भागवू नका. शाखेत जाऊन शिक्क्याचं, सहीचं स्टेटमेंट घ्या. आणि अर्जाच्या तोंडावर भावाकडून पाच लाख आणून खात्यात टाकू नका. दरमहा ठरल्या तारखेला येणारी साधी पेन्शन अशा आयत्या रकमेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. मुदत ठेवी, प्राप्तिकराची विवरणपत्रं जोडा.

परत का येणार, याचं उत्तर आपल्याकडे असतं, पण ते फाईलमध्ये लावायचं राहून जातं. राहता फ्लॅट, पेन्शन, इथे नोकरी करणारं दुसरं अपत्य, कुणाची चालू प्रॅक्टिस किंवा दुकान. हे सगळं एका पानाच्या पत्रात सरळ लिहा आणि त्याचे पुरावे मागे लावा. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा.

आपल्याकडे खरी गुंतागुंत होते ती नावांची. लग्नात आईंचं पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. आधार कार्डावर एक, बँकेत नुसती आद्याक्षरं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच. पासपोर्टवरचं नाव हेच प्रमाण धरा आणि तिकीट, विमा, अर्ज यांवर अक्षरन् अक्षर तेच ठेवा. नातं दाखवायला मुलाच्या पासपोर्टचं शेवटचं पान उपयोगी पडतं, कारण त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. तिथेही तफावत असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र लावा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. यात कमी पडत असेल, तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा. मधुमेह, रक्तदाब असेल, तर जुन्या आजाराचा खर्च त्यात धरलाय का, हे पॉलिसी उघडून वाचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवस लागतात. त्यामुळे एप्रिल-मेच्या हंगामात जायचं तर जानेवारीतच अपॉइंटमेंट पाहा. शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, रुपयांत भरायचं, शिवाय केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. विमानाचं तिकीट तोवर फक्त राखून ठेवा, पक्कं करू नका. आणि केंद्रात जायच्या दिवशी लोकलच्या गर्दीचा हिशेब धरून एखादी गाडी आधीची पकडा. उशीर झाला तर अपॉइंटमेंट हातची जाऊ शकते.

एजंटाची मदत जरूर घ्या, पण सही करण्याआधी अर्ज स्वतः वाचा. त्यात खोटं निघालं, तर जबाबदारी सही करणाऱ्याची असते. व्हिसा नाकारलाच, तर कारणांवर खुणा केलेलं पत्र मिळतं. त्या कारणाचं उत्तर देणारा नवा कागद हाती असेल, तेव्हाच पुन्हा अर्ज करा. तीच फाईल पुन्हा दिली, तर निकाल बदलायचं काही कारण नाही.

व्हिसा आला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. नाव, कितीदा प्रवेश आणि मुक्कामाचे दिवस. तारखांची मुदत मोठी दिसते, म्हणून तितके दिवस राहता येईल असं समजू नका. दिवसांचा आकडा खरा. त्यातही १८० दिवसांत ९० दिवस ही कमाल मर्यादा आहे आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. १ मार्चला उतरलात, तर २९ मे हा नव्वदावा दिवस. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर ही मोजणी टप्प्याटप्प्यानं संगणकावर जाऊ लागली आहे. नातवाचं बारसं एक दिवस लांबलं, ही सबब तिथे चालत नाही.

याउलट, नियम पाळणाऱ्यांसाठी एक चांगली सोय आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं भारतीयांसाठी नियम ठरवले. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. त्यामुळे पहिल्या खेपेला वेळेत परत या. पुढच्या खेपेला तुमच्या फाईलमधला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे तो नीट वापरलेला पहिला व्हिसाच असेल.