आतून उघडणारं दार

कवी माणसानं रेडिओवर येऊन संगणकाच्या बिघाडाबद्दल बोलावं, हे तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. मी बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण गेल्या पावसाळ्यात महिनाभर मी कवितेची एक ओळ लिहिली नाही. राउटर नावाच्या डबीसमोर बसून होतो.

कारण होतं अम्मीचा आवाज. घरात आमची बोली दखनी, पण अम्मी जात्यावर बसली की ओवी मराठीच. कॉलेजात असताना, १९८९-९०च्या सुमारास, मी तिच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या. २७ कॅसेटी. आता त्या एकेक करून संगणकावर उतरवतोय. न दाबता उतरवल्या तर एका तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. त्यासाठी जुन्या संगणकाचाच घरगुती फाइल सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे काय, तर सतत चालू असलेलं, मागेल त्याला फाइल देणारं कपाट.

माझी थोरली बहीण, आपा, सोलापुरात. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. फोनवर रोज एकच, “अम्मीचा आवाज कधी ऐकवतोस रे?” तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह पाठवायचा. पाठवला की! पण रोज एखादी नवी कॅसेट साफ व्हायची आणि आपाला ‘थांब’ म्हणणं जिवावर यायचं.

घरात सारं ठीक चालायचं. सोलापुरातून मात्र काहीच उघडेना. आपाचा मुलगा पुण्यात संगणकातलंच काम करतो. त्यानं फोनवरून तपास सुरू केला. “मामू, आधी घरातला पत्ता बघा.” वीज गेली की राउटर संगणकाला नवा पत्ता देत होता. काल १९२.१६८.१.५, आज शेवटी ९. तो पक्का करून टाकला. मग राउटरला सांगितलं, की बाहेरून अमुक हाक आली तर या संगणकाकडे पाठव. तरीही आपाच्या फोनवर अंधारच.

इथे वाड्याची गोष्ट सांगतो. वाड्यात दहा बिऱ्हाडं, पण पोस्टाला पत्ता एकच. आतून कुणी पत्र टाकलं तर दारवान लक्षात ठेवतो आणि उत्तर त्याच बिऱ्हाडाला देतो. पण न मागता बाहेरून पत्र आलं तर कुणाला द्यायचं? परत पाठवतो. राउटर हा तो दारवान. आमच्याकडे दारवान दोन निघाले! वरच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी आणि आम्ही एकच जोडणी वापरतो, बिल निम्मं निम्मं. माझा राउटर त्यांच्या राउटरच्या पोटात होता.

गुरुजींकडे पासवर्ड मागायचा म्हणजे त्यांच्या घराची किल्ली मागण्यासारखं. मी दोन दिवस जिन्यातच घुटमळलो. शेवटी त्यांनीच विचारलं, “कविराज, काय अडलंय?” सांगितलं, तर चष्मा लावून स्वतःच बसले.

पण त्यांच्या राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता होता १०० पासून सुरू होणारा, पुढे ७२. भाच्यानं डोक्याला हात लावला. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११मध्ये मध्यवर्ती साठा वाटून संपला. मग २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्यांसाठी वेगळा काढला गेला. म्हणजे अनेक घरं मिळून बाहेर एकच पत्ता. हा तिसरा दारवान, आणि त्याची किल्ली कंपनीकडे. आम्ही खाली कितीही दारं उघडली तरी उपयोग शून्य. नवीन, लांब पत्त्यांची पद्धत आहे, पण गुरुजींच्या जुन्या राउटरला ती येत नव्हती. स्वतंत्र पत्ता विकत मिळतो, त्याचं भाडं मला पेलवेना.

तोड साधी निघाली. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं ना? भाच्यानं महिना थोड्या भाड्यानं बाहेर एक छोटा सर्व्हर घेतला. घरचा संगणक आपणहून त्याला वायरगार्डनं जोडला जातो, आणि दारवानानं विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी हलकीशी हाक देतो. आपाचा फोनही तिथेच येतो. संभाषण कुलूपबंद. फाइल वाटपाचं दार थेट जगाला उघडू नका, असं भाच्यानं बजावलंय. मे २०१७मध्ये वॉनाक्राय त्याच दारानं घुसला होता.

तरी रात्री दहानंतर सगळं बंद! तीन दिवस मी सेटिंगं बदलत राहिलो. कारण कळलं तेव्हा हसू आवरेना. वीज वाचवायला गुरुजी झोपताना राउटरचं बटण बंद करत होते.

आता करत नाहीत. परवा रात्री साडेअकराला आपाचा फोन आला. “तिसऱ्या ओवीनंतर मागे कोण खोकतंय? अब्बाच ना?” मी ती कॅसेट दहादा ऐकली होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.